कंचेभागुबेव

दिवाळीच्या सुट्टीत नात शिरूरला आली होती. पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. एका बाजूला चिवड्याची वाटी, दुसऱ्या बाजूला लॅपटॉप. मधेच मान वर करून म्हणाली, "आजी, तू शाळेत गणितपण शिकवायचीस ना? मग सांग, उणे दोनचा वर्ग किती?"

"चार," मी म्हटले.

"एक्सेल पण चारच म्हणतंय. पण पायथन म्हणतंय उणे चार. दोघांना मी एकच गोष्ट लिहून दिली. मग चुकलं कोण?"

आता मी मराठी घेऊन बी. ए. झालेली बाई. आमच्या शाळेत गणिताला शिक्षक मिळेना, म्हणून सहावीचे गणित पाच-सहा वर्षे माझ्या गळ्यात पडले होते, तेवढाच माझा अधिकार. तरी सवयीने तोंडातून निघून गेले, "कंचेभागुबेव!"

नात पोट धरून हसली. इंग्रजी माध्यमातली ती, तिला वाटले आजी काहीतरी मंत्र म्हणते आहे.

मराठी शाळेत शिकलेल्यांना वेगळे सांगायला नको. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. एकाच ओळीत अनेक चिन्हे आली की आधी कोणते सोडवायचे, त्याचा हा क्रम. इंग्रजी माध्यमात त्याला बॉडमास म्हणतात. अमेरिकेतली मुले म्हणे कुणा सॅली मावशीला माफ करा असे वाक्य पाठ करून हाच क्रम लक्षात ठेवतात. नातीने सांगितले की कॉम्प्युटरच्या बहुतेक भाषांतही असा क्रम असतो. चिन्हांना तिथे ऑपरेटर म्हणतात आणि कोणत्या ऑपरेटरचा मान आधी, याचा तक्ता त्या भाषेच्या पुस्तकात दिलेला असतो. पायथनच्या तक्त्यात घाताचा मान उणे चिन्हाच्या आधी, म्हणून तो आधी दोनचा वर्ग करतो आणि मग उणे लावतो. एक्सेलमध्ये उणे चिन्ह आधी आकड्याला चिकटते, मग वर्ग होतो. दोघेही आपापल्या नियमाने बरोबर!

ती सहज बोलून चिवडा खायला लागली. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. कारण अगदी हाच प्रश्न मला एकदा एका मुलाने विचारला होता, आणि मी त्याला काय उत्तर दिले ते मला चांगले आठवत होते.

१९८६ सालची गोष्ट. सहावीचा वर्ग. फळ्यावर मी लिहिले होते २ + ३ × ४. बहुतेकांनी १४ काढले. एका मुलाने २० काढले. त्याच्या वडिलांचे बाजारपेठेत किराणा-भुसाराचे दुकान होते. त्याला उभे करून मी सांगितले की गुणाकार आधी. तो म्हणाला, "पण बाई, आमच्या दुकानातलं कॅल्क्युलेटर वीसच सांगतं."

तेव्हा घोडनदीच्या बाजारात कॅल्क्युलेटर म्हणजे अपूर्वाईची वस्तू. (जुने लोक अजून शिरूरला घोडनदीच म्हणतात.) मी म्हटले, "मग बिघडलं असेल. वडलांना सांग, दुरुस्त करून आणा." वर्ग खो खो हसला. पोरगा चिवट होता. पुन्हा म्हणाला, "पण गुणाकारच आधी का बाई? कोणी ठरवलं?" मी म्हटले, "पुस्तकात आहे. पाठ कर आणि खाली बस."

तो खाली बसला. त्या वर्षात त्याने पुन्हा मला एकही प्रश्न विचारला नाही.

नात गेल्यावर मी 'कोणी ठरवलं' याच्या मागे लागले. तिनेही फोनवरून बरीच मदत केली. जे हाती लागले ते इथे मांडते.

सुरुवात आपल्या भास्कराचार्यांपासून करते. जन्म १११४ चा, आणि ज्या सिद्धांतशिरोमणीत लीलावती व बीजगणित येते तो ग्रंथ ११५० चा. चाळीसगावजवळच्या पाटण गावी १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला, त्याला दिलेल्या दानाचा तो लेख. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये तो विद्वानांपुढे आणला. त्यातला काही भाग जुन्या मराठीत आहे, म्हणून आम्हा मराठीवाल्यांना त्याचे अप्रूप.

लीलावतीत व्यस्तविधी नावाचा प्रकार आहे. उत्तर दिलेले असते आणि उलटे मागे जाऊन मूळ संख्या शोधायची असते. एक उदाहरण माझ्या शब्दांत सांगते. एका संख्येला ३ ने गुणले, गुणाकारात त्याचाच पाऊण भाग मिळवला, ७ ने भागले, आलेल्यातून त्याचाच तिसरा भाग वजा केला, वर्ग केला, ५२ वजा केले, वर्गमूळ काढले, ८ मिळवले, १० ने भागले, तर २ उरले. संख्या कोणती? उत्तर २८. करून पाहा. एवढ्या लांबलचक गणितात गुणाकार, भागाकार, बेरीज, वजाबाकी, वर्ग, वर्गमूळ सगळे आले, पण कंचेभागुबेवची गरज कुठेच पडली नाही. कारण जे आधी सांगितले ते आधी करायचे. क्रम वाक्यातच आहे.

पण बीजगणितात लिहायची वेळ आली तेव्हा भास्कराचार्यांनाही काहीतरी ठरवावे लागले. अज्ञात राशीला यावत्तावत् म्हणायचे आणि लिहिताना नुसते 'या'. दुसरी अज्ञात राशी असेल तर कालक, नीलक अशी रंगांची नावे, त्यांची अक्षरे 'का', 'नी'. साध्या संख्येला रूप, म्हणून 'रू'. तर 'या २ रू १' याचा अर्थ अज्ञाताची दुप्पट अधिक एक. यात ना गुणिले चिन्ह ना अधिक. 'या'ला जो आकडा चिकटला त्याचा गुणाकार, आणि शेजारी शेजारी मांडलेल्या पदांची बेरीज. ऋण संख्या असेल तर डोक्यावर टिंब. म्हणजे चिकटलेले आधी, शेजारचे नंतर, हा क्रम तिथेही आलाच.

हे वाचताना मला आपल्या मराठी संख्यांची आठवण झाली. पाचशे म्हणजे पाच गुणिले शंभर, आणि एकशे पाच म्हणजे शंभर अधिक पाच. लहान संख्या शंभराच्या आधी आली की गुणाकार, नंतर आली की बेरीज. आपण हे आईच्या मांडीवर शिकलो, कुणी नियम सांगितला नाही.

आणि पावणेदोनशे? पावणे म्हणजे पाव उणे. पाव उणे कशातून करायचे, दोनातून की दोनशेतून? दोनशेतून पाव काढला तर १९९ आणि वर पाऊण. पण मराठी माणूस पावणेदोनशे म्हणजे १७५ च समजतो. 'पावणे' आधी दोनाला चिकटते, पावणेदोन होतात, मग शंभराने गुणायचे. सव्वाशे, साडेतीनशे, पावणेचार हजार, सगळे याच चालीचे. आता नातीचा प्रश्न पुन्हा पाहा. उणे चिन्ह आधी दोनाला लावायचे की वर्ग झाल्यावर? अगदी तोच पेच! आणि या बाबतीत आपली मराठी पायथनच्या बाजूची नाही, एक्सेलच्या बाजूची आहे. 😊

पाढ्यांचीही गंमत तशीच. बे दुणे चार, बे त्रिक सहा, बे चोक आठ. दोनचे दुणे झाले, तीनचे त्रिक झाले, चारचे चोक झाले. संख्येचे रूप बदलले की गुणाकार आहे हे कळते, वेगळे चिन्ह कशाला? 'रामाने रावणाला मारले' हे 'रावणाला रामाने मारले' असे फिरवून म्हटले तरी कोणी कोणाला मारले यात घोटाळा होत नाही, कारण प्रत्यय शब्दाला चिकटलेले आहेत. तसेच हे. कंचेभागुबेवमधला 'चे' तर सरळसरळ षष्ठीचा प्रत्यय! १२ ÷ ६ × १/२ सोडवले तर उत्तर १ येते. पण १२ ÷ ६ चे १/२ असे लिहिले तर आधी सहाचे अर्धे तीन, आणि बारा भागिले तीन म्हणजे ४. प्रत्ययाने जोडलेले दोन शब्द आधी एक होतात, मग बाकीचे. व्याकरणाच्या तासाला मी षष्ठी शिकवत होते आणि गणिताच्या तासाला 'चे'. ही एकच गोष्ट आहे हे माझ्या लक्षात यायला सत्तरी उलटावी लागली!

आता चिन्हांकडे. आपण वापरतो ती चिन्हे युरोपातून आली आणि वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या माणसांकडून आली. अधिक आणि उणे ही चिन्हे छापील पुस्तकात प्रथम १४८९ मध्ये योहानेस विडमान या जर्मन लेखकाच्या व्यापारी हिशेबाच्या पुस्तकात दिसतात. बरोबरचे चिन्ह १५५७ मध्ये रॉबर्ट रेकॉर्डने आणले. त्याचे म्हणणे असे की दोन समांतर रेघांइतके सारखे दुसरे काय असणार? गुणिलेची फुली विल्यम ऑट्रेडची, १६३१ ची. भागिलेचे चिन्ह योहान रान या स्विस माणसाच्या १६५९ च्या पुस्तकातले. आणि पेशावरजवळच्या बक्षाली गावी १८८१ मध्ये सापडलेल्या जुन्या हस्तलिखितात तर आपल्या अधिकसारखे दिसणारे चिन्ह संख्येच्या पुढे लिहिलेले आहे, आणि तिथे त्याचा अर्थ ऋण असा आहे! चिन्हात स्वतःचा काहीच अर्थ नसतो. लोक मानतात तो अर्थ.

मग गुणाकार आधी, हे कोणी ठरवले? उत्तर असे की कुणी एकाने ठरवलेच नाही. कुठली सभा भरली नाही, कुठला ठराव झाला नाही. सतराव्या शतकात बीजगणित अक्षरांत लिहायला लागले तेव्हा गुणाकाराची अक्षरे एकमेकांना चिकटवून लिहायची पद्धत पडली आणि बेरजेच्या पदांमध्ये चिन्ह आणि मोकळी जागा. चिकटलेले डोळ्यांना आधी एकत्र दिसते, तसेच ते आधी सोडवले जाऊ लागले. भास्कराचार्यांच्या 'या २ रू १' सारखेच. पुढे शाळेची पुस्तके आली आणि त्यांनी पडलेल्या पायवाटेचा नियम केला.

तोही पुरता झाला नव्हता. फ्लोरियन कजोरी यांनी गणिती चिन्हांचा मोठा इतिहास लिहिला, त्याचा पहिला भाग १९२८ चा. त्यात ते सांगतात की भागिले आणि गुणिले एकाच पदात आले तर आधी कोणते, यावर अजून एकमत नाही. १९२८ मध्ये! आज आपल्या फॅमिली ग्रुपवर '६ ÷ २(१ + २) किती, नव्वद टक्के लोक चुकतात' असे कोडे येते आणि मामा-काकांत १ की ९ यावरून जुंपते. (गेल्या वेळी दोन दिवस कोणी कोणाशी बोलत नव्हते, नावे घेत नाही.) तो वाद याच न बुजलेल्या फटीतला आहे.

कंचेभागुबेवमध्येही एक खड्डा आहेच. त्यात 'बे' आधी आणि 'व' नंतर. म्हणून १० − ४ + ३ हे गणित मुले आधी ४ + ३ करून सोडवतात आणि ३ उत्तर काढतात. खरे तर बेरीज आणि वजाबाकी एकाच पंगतीतल्या, डावीकडून जी आधी येईल ती आधी. उत्तर ९. भागाकार-गुणाकाराचेही तसेच. सोयीसाठी केलेला शब्द कधी कधी असा दगा देतो.

माणसे समजून घेतात, यंत्र घेत नाही. म्हणून कॉम्प्युटर आले तेव्हा हा सगळा भोंगळ कारभार एकदाचा कागदावर पक्का करावा लागला. १९५७ मध्ये आयबीएम कंपनीत जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोरट्रान ही भाषा तयार केली. गणिताची सूत्रे आपण लिहितो तशीच लिहायची सोय तिच्यात होती. पण यंत्राला गुणाकार आधी हे कळावे कसे? त्यांनी गमतीदार युक्ती काढली. सुरुवातीला दोन कंस उघडायचे, शेवटी दोन बंद करायचे. जिथे अधिक दिसेल तिथे आधी दोन कंस बंद करून पुढे दोन उघडायचे. जिथे गुणिले दिसेल तिथे एकच बंद करून एकच उघडायचा. मग २ + ३ × ४ चे होते ((२)) + ((३) × (४)). पाहा, गुणाकार आपोआप एका कंसात आला! बाकी सगळ्यांचे काम एकट्या 'कं'ने केले.

आता माझ्या माहेरची गोष्ट. माझे माहेर दौंडचे. वडील रेल्वेत सांधेवाले. रेल्वेच्या चाळीत आमचे बालपण इंजिनाच्या शिट्ट्या ऐकत गेले. दौंड-मनमाड मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला तेव्हापासून दौंड हे जंक्शन. पुण्याहून आलेली गाडी नगरकडे जायची असली की दौंडला तिचे इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला लावायचे, कारण फाट्याची दिशाच तशी. (आता कॉर्ड लाईन झाल्यामुळे अनेक गाड्यांना दौंड स्टेशनात शिरावे लागत नाही, आणि नगरचेही २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले.) मालगाड्यांचे शंटिंग तर तासन् तास चाले. एखादी वाघीण बाजूच्या आंधळ्या रुळावर सारून ठेवायची, तिच्यापुढे दुसरी सारायची, आणि काढताना शेवटी घातलेली आधी काढायची. तिथे दुसरा इलाजच नाही. आम्ही पोरे पत्र्याच्या शेडवर बसून पाहायचो आणि आता कोणती वाघीण निघणार यावर पैज लावायचो.

तर नातीने मला सांगितले की कॉम्प्युटर २ + ३ × ४ कसे वाचतो, त्या युक्तीचे नावच शंटिंग यार्ड आहे! मला आधी वाटले ती माझी थट्टा करते आहे. पण खरेच. एड्सगर डायक्स्ट्रा हे हॉलंडचे शास्त्रज्ञ. अल्गोल ६० नावाच्या भाषेसाठी त्यांनी आणि त्यांचे सहकारी झोनेवेल्ड यांनी १९६० मध्ये कंपायलर, म्हणजे भाषेचे यंत्राला कळेल असे रूपांतर करणारी यंत्रणा, तयार केली, आणि १९६१ च्या अहवालात डायक्स्ट्रा यांनी ही पद्धत मांडली.

दौंडच्या यार्डाच्या भाषेत सांगते. डावीकडून गाडी येते आहे. आकड्याच्या वाघिणी सरळ मुख्य रुळावरून पुढे जातात. चिन्हाची वाघीण आली की तिला आंधळ्या रुळावर सारायचे. २ पुढे गेला. अधिक बाजूला सारले. ३ पुढे गेला. आता गुणिले आले. बाजूच्या रुळावर सर्वांत पुढे कोण उभे आहे? अधिक. गुणिलेचा मान मोठा, म्हणून अधिकला तिथेच राहू द्यायचे आणि गुणिलेला त्याच्या पुढे उभे करायचे. ४ पुढे गेला. गाडी संपली. आता बाजूचा रूळ रिकामा करायचा. शेवटी घातलेले गुणिले आधी निघाले, मग अधिक. पलीकडे गाडी तयार झाली: २ ३ ४ × +. आणि २ × ३ + ४ असते तर? अधिक आले तेव्हा बाजूला गुणिले उभे. येणाऱ्याचा मान कमी, म्हणून आधी उभ्या गुणिलेला बाहेर काढायचे आणि मग अधिकला आत घ्यायचे. एवढेच. माझ्या वडिलांना हे मी दोन मिनिटांत समजावले असते.

त्या २ ३ ४ × + ला मराठीत वाचून पाहा. "दोन, तीन नि चार यांचा गुणाकार करा, आणि मिळवा." क्रियापद शेवटी! आपण म्हणतोच ना, 'पाचातून तीन वजा कर', 'साखर नि तूप एकत्र कर'. आधी वस्तू, मग क्रिया. यान लुकासिएविच या पोलंडच्या तर्कशास्त्रज्ञाने १९२४ मध्ये चिन्हे आधी लिहायची पद्धत काढली, तिच्या उलट ही, म्हणून हिला उलटी पोलिश पद्धत म्हणतात. १९७२ मध्ये एचपी कंपनीने एचपी-३५ हे खिशातले कॅल्क्युलेटर काढले ते याच पद्धतीने चालायचे. या पद्धतीत ना कंस लागतो ना कंचेभागुबेव. क्रम मांडणीतच असतो, लीलावतीसारखा.

पुढे भाषा वाढत गेल्या आणि प्रत्येकीने आपापला मानपान ठरवला. केनेथ आयव्हरसन यांनी १९६२ च्या पुस्तकातून मांडलेली एपीएल ही भाषा म्हणते की चिन्हे फार झाली, मान कोणाकोणाचा लक्षात ठेवायचा? सगळी सारखी, उजवीकडून सोडवत या. तिथे २ × ३ + ४ चे उत्तर १० नाही, १४. सी ही भाषा डेनिस रिची यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला केली. तिच्यातल्या एका 'आणि' चिन्हाला बरोबर-आहे-का या चिन्हापेक्षा खालचा मान मिळाला, त्यामुळे आजही प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची फसगत होते. आधी लिहून ठेवलेले प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून तो तसाच ठेवला गेला. पुढे १९९३ मध्ये सीचा इतिहास लिहिताना रिचींनी स्वतःच कबूल केले की तो बदलायला हवा होता. ज्याने भाषा केली तो माणूस सरळ सांगतो की हे आमच्याकडून असे झाले, आणि का झाले. हे वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले.

आणि स्मॉलटॉक. अमेरिकेत झेरॉक्सच्या पालो आल्टोच्या संशोधन केंद्रात ॲलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात घडवलेली भाषा. १९८० नंतर ती बाहेरच्या जगात आली. तिच्यात बेरीज-गुणाकाराचा मान सारखा, डावीकडून जे येईल ते आधी. तिथे २ + ३ × ४ चे उत्तर काय?

वीस.

म्हणजे १९८६ मध्ये मी ज्या उत्तरावर फुली मारली, ते उत्तर बरोबर मानणारी एक भाषा त्याच वर्षी जगात नांदत होती. आणि दुकानातले साधे कॅल्क्युलेटरही बिघडलेले नव्हते. ते बिचारे बटणे दाबली त्याच क्रमाने चालते. २ आणि ३ मिळवले की त्याच्याकडे ५ उरतात, पुढे गुणिले येणार हे त्याला कुठे ठाऊक? तो मुलगा खोटे बोलत नव्हता, चुकतही नव्हता. त्याने दोन यंत्रणांमधला खरा फरक पाहिला होता आणि तो मला दाखवत होता.

वर आणखी वाईट वाटते ते असे. त्याला समजेल असे कारण त्याच्याच दुकानात होते. दोन रुपयांची एक पेन्सिल आणि चार रुपयांच्या तीन वह्या. बिल किती? १४. कोणताही दुकानदार आधी वह्यांचे बारा करतो आणि मग पेन्सिलीचे दोन मिळवतो. जिन्नस आधी एक होतो, बेरीज शेवटी. गुणाकार आधी ही चाल सोयीची का, ते एवढ्यात सांगून झाले असते. मी म्हटले, पुस्तकात आहे.

गेल्या महिन्यात मी बाजारपेठेत गेले. दुकान आता तोच चालवतो. पन्नाशी ओलांडलेली, केस पिकलेले. "बाई, या या" म्हणत स्टूल पुसून दिले. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर मी म्हटले, "तुझं ते वीस आठवतं का? ते कॅल्क्युलेटर बिघडलेलं नव्हतं. चूक माझी होती."

तो आधी गोंधळला. मग हसायला लागला. म्हणाला, "बाई, तुम्ही सांगितलं म्हणून वडलांनी ते दुरुस्तीला पुण्याला पाठवलं होतं. महिन्याने परत आलं. तरी वीसच! वडील म्हणाले, बाईंना काही बोलू नको, त्यांना वाईट वाटेल."

मला काही सुचेना. त्याने गल्ल्याजवळचे कॅल्क्युलेटर पुढे ओढले आणि दाखवले. दोन, एम-प्लस. तीन गुणिले चार, एम-प्लस. मग एम-आर. चौदा. "हे मी तेव्हाच शोधून काढलं होतं," म्हणाला. "आधीचं बाजूला ठेवायचं, नंतरचं करून घ्यायचं, मग एकत्र करायचं."

दौंडचे यार्डच ते! बारा वर्षांच्या पोराने, कुणी न सांगता.

त्याचा दुसरा प्रश्न चाळीस वर्षे बाकी होता. कोणी ठरवलं? मग मी तिथेच स्टुलावर बसून त्याला भास्कराचार्यांपासून सुरुवात केली. मधे दोन गिऱ्हाइके आली, त्यांनीही थोडे ऐकले. चहा झाला. त्याची मुलगी सातवीत आहे, ती दप्तर टाकून काउंटरला टेकून ऐकत होती.

आमच्या पिढीतल्या शिक्षकांनी 'असे आहे' आणि 'असे ठरले आहे' यात फरक केला नाही. सूर्य पूर्वेला उगवतो हे असे आहे. गुणाकार आधी हे असे ठरले आहे. दोन्ही पाळायचेच असते, नाहीतर दहा जणांची दहा उत्तरे येतील. पण जे ठरले आहे त्याला 'का' विचारता येते, आणि विचारणाऱ्याला खाली बसवायचे नसते. हे आता शिकवणाऱ्या माझ्या भाच्या-पुतण्यांसाठी लिहिते आहे. बाकीच्यांनी सोडून द्यावे.

असो. फार लांबले. जाता जाता एक काम. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी मला अजून येतात, पण औटकी निम्म्यावर अडते. तुमच्यापैकी कुणाच्या घरी कुणाला पुरी पाठ असेल तर लिहून कळवा. नातीला शिकवायची आहे. तिच्या पायथनला औट म्हणजे साडेतीन हे अजून माहीत नाही.